३०६० घेऊ की ४०६०? आधी टाइमलाइन का अडकते ते पाहू

पत्राचा सारांश: सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या, तिशीच्या आतल्या एका वाचकाचं हे पत्र आहे. ते लग्नाचे व्हिडिओ स्वतः शूट करतात आणि घरीच एडिट करतात. त्यांचा कॉम्प्युटर २०२० साली जोडलेला आहे. इंटेलचा आय५-१०४००एफ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६५० हे ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड आणि ४५० वॅटची पॉवर सप्लाय. फुटेज यूएसबीवर लावायच्या हार्ड डिस्कवर असतं. गेल्या वर्षी नवा मिररलेस कॅमेरा घेतल्यापासून प्रीमियर प्रो या एडिटिंग सॉफ्टवेअरमधली फोर-के टाइमलाइन अडखळत चालते, म्हणून कार्ड बदलायचं त्यांनी ठरवलं आहे. दुकानदार म्हणतो आरटीएक्स ४०६० घ्या, नवं आहे. इंजिनिअरिंगला असलेला धाकटा भाऊ म्हणतो आरटीएक्स ३०६० घे, त्यात १२ जीबी मेमरी आहे, मला एआयची मॉडेल घरीच चालवता येतील. वाचकांनी दोन्ही कार्डांच्या स्पेसिफिकेशनचा तक्ता करून पाठवला आहे. ते लिहितात, "एका ओळीत हे वर, दुसऱ्या ओळीत ते वर. जितकं वाचतो तितका गोंधळ वाढतो. भावाशी रोज खटके उडतात. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतील, त्याआधी निर्णय हवा. एकाच कार्डापुरते पैसे जमलेत. चुकलो तर पुढचं वर्षभर काही करता येणार नाही. कोणतं घेऊ?"

नमस्कार,

तुमचा तक्ता मेहनतीने केलेला आहे आणि त्यातले आकडे बरोबर आहेत. गोंधळ तुमच्या समजुतीत नाही. तक्त्यातल्या ओळी एकमेकींशी भांडताहेत, कारण प्रत्येक ओळ वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देते. त्या ओळींचा अर्थ आधी लावू, आणि मग तक्त्यात नसलेल्या एका गोष्टीकडे येऊ. माझ्या मते तुमच्या अडचणीचं मूळ तिथे आहे.

तुम्ही लाल पेनाने गोल केलेला आकडा म्हणजे टेराफ्लॉप्स, कार्ड सेकंदाला किती लाख कोटी आकडेमोडी करू शकतं त्याचं माप. ३०६० चे १२.७, ४०६० चे १५.१. हा आकडा कुणी कार्ड चालवून मोजलेला नसतो, तो गुणाकाराने काढतात. ३०६० मध्ये ३५८४ कोअर, म्हणजे आकडेमोड करणारे छोटे घटक आहेत, आणि बूस्ट क्लॉक, म्हणजे भाराखाली त्यांच्या ठोक्यांचा वेग, १.७७७ गिगाहर्ट्झ आहे. प्रत्येक कोअर क्लॉकच्या एका ठोक्याला एक गुणाकार आणि एक बेरीज, म्हणजे दोन क्रिया करतो असं धरतात. ३५८४ गुणिले २ गुणिले १.७७७, झाले साधारण १२,७३७ गिगाफ्लॉप्स, म्हणजे १२.७ टेराफ्लॉप्स. ४०६० मध्ये कोअर कमी आहेत, ३०७२, पण क्लॉक २.४६ गिगाहर्ट्झ आहे, म्हणून गुणाकार १५.१ वर जातो. "कोअर कमी असून आकडा जास्त कसा?" हा तुमचा प्रश्न इथे सुटतो. ३०६० ची चिप सॅमसंगच्या ८ नॅनोमीटर प्रक्रियेवर बनलेली आहे, ४०६० ची टीएसएमसीच्या त्याहून पुढच्या ४एन प्रक्रियेवर. त्यामुळे दुसरी चिप कमी विजेत जास्त वेगाने पळते. एकीला १७० वॅट लागतात, दुसरीला ११५.

या गुणाकारात एक गृहीतक दडलेलं आहे. सगळे कोअर प्रत्येक ठोक्याला कामात आहेत आणि लागणारा डेटा त्यांच्यासमोर तयार आहे, असं त्यात धरलेलं असतं. प्रत्यक्षात असं जवळपास कधीच नसतं. म्हणून वेगवेगळ्या पिढ्यांची कार्डं नुसत्या टेराफ्लॉप्सवर तोलली की फसगत होते. आरटीएक्स २०८० टीआयचे कागदावर १३.४ टेराफ्लॉप्स, त्यानंतर २०२० मध्ये आलेल्या ३०७० चे २०.३. कागदावर दीडपट फरक, आणि गेममध्ये दोघं जवळपास बरोबरीत. कारण नव्या रचनेत कोअरांची मोजणी दुप्पट झाली, पण त्यातल्या निम्म्यांना पूर्णांकांची कामंही करावी लागतात. तेवढा वेळ दशांशाची कामं थांबतात. एएमडीकडे यापेक्षा मोठं उदाहरण आहे. आरएक्स ६६५० एक्सटी १०.८ टेराफ्लॉप्सचं, आरएक्स ७६०० सुमारे २१.७ चं, आणि दोन्हींत शेडर (एएमडीच्या कोअरांचं नाव) सारखेच, २०४८. नव्या कार्डाला एका ठोक्याला दुप्पट क्रिया करण्याची सोय दिलेली आहे, पण प्रोग्रॅमला ती साधली तरच तिचा फायदा होतो, आणि बऱ्याचदा ती साधत नाही. खेळताना दोघांत थोडाच फरक जाणवतो.

तुमच्या जोडीत मात्र हा आकडा फारसा खोटा बोलत नाही, कारण दोन्ही कार्डं एकाच कंपनीची, लागोपाठच्या पिढ्यांची आणि बऱ्याच सारख्या बांधणीची आहेत. १२.७ वरून १५.१ म्हणजे सुमारे १९ टक्के वाढ. ४०६० बाजारात आणताना एनव्हिडियाने स्वतःही फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम कार्डानेच बनवून घालायची सोय) बंद ठेवून १०८०पी गेममध्ये ३०६० पेक्षा सुमारे २० टक्के वेग सांगितला होता. दुकानदार चुकीचं बोलत नाही. मेमरीत मावणाऱ्या कामात ४०६० पुढे आहे.

आता तुम्हाला सगळ्यात जास्त छळणारी ओळ, बँडविड्थ, म्हणजे कार्डाची मेमरी आणि चिप यांच्यात सेकंदाला किती डेटा ये-जा करू शकतो. ३०६० ची सेकंदाला ३६० जीबी, ४०६० ची २७२. नवं कार्ड इथे मागे का? हाही गुणाकारच आहे. बस म्हणजे त्या रस्त्याची रुंदी. १९२ बिटची बस गुणिले १५ गिगाबिटची मेमरी, भागिले ८, बरोबर ३६०. ४०६० ची मेमरी १७ गिगाबिटची आहे, पण बस १२८ बिटचीच, म्हणून २७२. ही तूट भरून काढायला चिपच्या आतली एल२ कॅश, म्हणजे हाताशी ठेवलेली छोटी मेमरी, ३ एमबीवरून २४ एमबी केली आहे. मिसळणाचा डबा मोठा असला की हळदीसाठी दर वेळी फडताळापर्यंत जावं लागत नाही, तसंच हे. पण जेवणावळ मोठी असली की डबा रिकामा होतो आणि फेऱ्या सुरू होतातच. फोर-के फुटेजवर नॉइज रिडक्शनसारखे जड इफेक्ट लावता तेव्हा तुमची जेवणावळ मोठी असते. तिथे ४०६० ची आघाडी कमी होते.

मेमरीच्या आकाराची ओळ, ८ की १२ जीबी, या सगळ्यांहून वेगळी आहे. बाकीच्या ओळी सांगतात काम किती वेगाने होईल. ही ओळ सांगते काम मावेल की नाही. मावलं तर १२ जीबीतले उरलेले ४ जीबी नुसते पडून राहतात, त्यांनी वेग वाढत नाही. मावलं नाही तर जास्तीचा डेटा कॉम्प्युटरच्या रॅममध्ये जातो आणि मदरबोर्डच्या स्लॉटमधून ये-जा करतो. इथे तुमच्या तक्त्यात एक ओळ राहिली आहे. ४०६० स्लॉटच्या फक्त आठ लेन वापरतं, ३०६० सोळा. तुमच्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरसोबत या स्लॉटची जुनी आवृत्ती, पीसीआय एक्सप्रेस ३.०, असते. म्हणजे ४०६० ला रॅमपर्यंतचा रस्ता सेकंदाला सुमारे ८ जीबीचा मिळेल, ३०६० ला सुमारे १६ चा. २७२ च्या रस्त्यावरून एकदम ८ च्या बोळात शिरल्यावर काय होतं, ते तुम्हाला ४ जीबीच्या कार्डावर कदाचित आत्ताच दिसत असेल. पीसीआय एक्सप्रेस ४.० असलेल्या नव्या मदरबोर्डवर हा बोळ दुप्पट रुंद होतो. म्हणून इंटरनेटवरच्या चाचण्या पाहताना त्या कोणत्या बोर्डावर झाल्या तेही पाहा. बहुतेक जण ताज्या, वेगवान मशीनवर चाचणी घेतात.

इथवर तक्ता झाला. आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य: "नवा कॅमेरा घेतल्यापासून टाइमलाइन अडखळते." त्याआधी याच कार्डावर तुम्ही फोर-के लग्नं एडिट करतच होता, असं तुम्हीच लिहिलंय. मग कार्ड कमी पडतंय हे कशावरून ठरवलं? माझा संशय फुटेजच्या प्रकारावर आहे.

अनेक नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत एच.२६५ या, व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतीत १०-बिट ४:२:२ रेकॉर्डिंग मिळतं. १०-बिट म्हणजे ८-बिटपेक्षा रंगांच्या जास्त बारीक छटा. हौसेने आपण मेन्यूतला सगळ्यात वरचा पर्याय निवडतो, आणि तो बहुधा हाच असतो. ४:२:२ म्हणजे प्रत्येक पिक्सेलची उजळता पूर्ण ठेवायची आणि रंगाची माहिती निम्मी. ४:२:० मध्ये रंगाची माहिती पाव ठेवतात. हे दाबून भरलेलं फुटेज उलगडायचं काम ग्राफिक्स कार्डातले ते हजारो कोअर करत नाहीत. त्यासाठी कार्डात वेगळा डिकोडर असतो आणि त्याला ठराविक प्रकारच वाचता येतात. तुमच्या १६५० चा डिकोडर ४:२:० वाचतो, १०-बिट असलं तरीही. ४:२:२ त्याला वाचता येत नाही. ३०६० लाही येत नाही. ४०६० लाही येत नाही.

तुमच्या फाइल खरोखर ४:२:२ असतील तर दोन्हींपैकी कोणतंही कार्ड बसवा, प्ले दाबल्यावर फुटेज उलगडायचा भार तुमच्या सहा कोअरच्या प्रोसेसरवरच येणार आणि टाइमलाइन आजच्यासारखीच अडखळणार. इफेक्ट आणि एक्स्पोर्ट जलद होतील, पण ज्या दुखण्यासाठी पैसे मोजले ते तसंच राहील. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये एच.२६५ चं ४:२:२ वाचायची सोय आहे. तुमचा प्रोसेसर दहाव्या पिढीचा आहे, शिवाय नावातला "एफ" सांगतो की त्यात अंगभूत ग्राफिक्सच नाही.

म्हणून पैसे काढण्याआधी एक संध्याकाळ या तपासणीला द्या. मीडियाइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर उतरवून घ्या आणि अडखळणारी एक क्लिप त्यात उघडा. क्रोमा सबसॅम्पलिंगसमोर ४:२:२ आहे की ४:२:० आणि बिट डेप्थ ८ आहे की १०, एवढं टिपून ठेवा. मग प्रीमियरमध्ये ती क्लिप कोणताही इफेक्ट न लावता टाइमलाइनवर टाका, शेजारी विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्स टॅबमध्ये जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स कार्ड, निवडा. तिथे व्हिडिओ डिकोड नावाचा आलेख असतो, खाली डेडिकेटेड (कार्डाची स्वतःची) आणि शेअर्ड (कॉम्प्युटरच्या रॅममधून घेतलेली) मेमरीचे आकडे असतात. क्लिप चालवा. प्रोसेसर शंभर टक्क्यांच्या आसपास आणि व्हिडिओ डिकोडचा आलेख तळाशी सपाट, असं दिसलं तर दुखणं डिकोडिंगचं. डिकोडचा आलेख हलतोय, पण इफेक्ट लावल्यावर डेडिकेटेड मेमरी ४ जीबीला टेकते आणि शेअर्ड मेमरी वाढू लागते, असं दिसलं तर कार्डाची मेमरी खरंच अपुरी आहे आणि तुमचं निदान बरोबर होतं.

आणि याच वेळी डिस्कच्या आलेखावरही नजर ठेवा. कॅमेऱ्यात सेकंदाला २०० मेगाबिटचा दर निवडला असेल तर एका कॅमेऱ्याचं फुटेज सेकंदाला २५ एमबी होतं. तीन कॅमेऱ्यांचं मल्टिकॅम लावलंत की ७५. यूएसबीवरची फिरती हार्ड डिस्क सलग एकच फाइल वाचताना हे सहज पेलते, पण तीन फाइलींमध्ये उड्या मारत वाचायला लागली की धापा टाकते. डिस्कचा आलेख शंभरला चिकटलेला दिसला, तर चालू कामाचं फुटेज एसएसडीवर आणणं हा सगळ्यात स्वस्त इलाज आहे.

डिकोडिंगचं दुखणं निघालं, आणि माझा अंदाज तसाच आहे, तर फुकटचा इलाज प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरत्या बनवलेल्या हलक्या प्रती. प्रीमियरच्या प्रोजेक्ट पॅनेलमध्ये सगळ्या क्लिप निवडा, राइट क्लिक करून प्रॉक्सीखाली क्रिएट प्रॉक्सीज घ्या, हलक्या प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर फॉरमॅटचा पर्याय निवडा आणि प्रॉक्सी एसएसडीवर बनू द्या. रात्री लावून झोपलात तर सकाळी टाइमलाइन हलकी झालेली असेल. एक्स्पोर्ट मूळ फाइलींवरूनच होतो, त्यामुळे दर्जा कुठेही घटत नाही. "प्रॉक्सी म्हणजे कमकुवत मशीनवाल्यांची तडजोड" असं तुम्ही पत्रात लिहिलंय. ते मला पटत नाही. मोठमोठ्या स्टुडिओंतही असंच काम चालतं, कारण कापाकापी करताना कुणालाच पूर्ण आकाराच्या फाइलची गरज नसते.

दुसरा फुकटचा इलाज कॅमेऱ्यात आहे. ४:२:० १०-बिटवर शूट करा. हिरव्या पडद्यासमोरचं काम असेल तर ४:२:२ चा फायदा स्पष्ट दिसतो. मंगलाष्टकं, सप्तपदी, वरात आणि पंगतीत तो पाहुण्यांना दिसणार नाही. रंग सुधारताना जो आधार हवा असतो तो मुख्यतः १०-बिटमुळे मिळतो आणि तो तुमच्याकडे राहतोच. शिवाय ४:२:० तुमचं आत्ताचं १६५० सुद्धा वाचतं. मुहूर्तांचा हंगाम तोंडावर असताना मी हे आधी करून पाहीन.

आता समजा, एवढं करूनही कार्ड घ्यायचंच आहे. १६५० आता थकलंय हे मलाही मान्य आहे. सुमारे ३ टेराफ्लॉप्स आणि ४ जीबी घेऊन आजचे इफेक्ट ओढणं कठीणच. मग तुमच्या यादीत मी आणखी दोन नावं घालेन. ४:२:२ वरच शूट करायचं ठरलं असेल तर एनव्हिडियाच्या ५० मालिकेपासून कार्डातच ४:२:२ वाचायची सोय आली आहे. २०२५ मध्ये आलेलं आरटीएक्स ५०६० हे त्यातलं या वर्गाचं कार्ड आहे. मेमरी ८ जीबीच, पण जीडीडीआर७ या नव्या प्रकारची असल्यामुळे बँडविड्थ ४४८ जीबीवर गेली आहे. इंटेलचं आर्क बी५८० सुद्धा एच.२६५ चं ४:२:२ वाचतं आणि त्यात १२ जीबी मेमरी आहे. मात्र त्याला मदरबोर्डच्या बायोसमध्ये (मूळ सेटिंगमध्ये) रिसायझेबल बार नावाची सोय चालू असावी लागते आणि जुन्या प्रोसेसरसोबत गेममध्ये ते मागे पडतं. शिवाय भावाला लागणारं बरंचसं सॉफ्टवेअर कुडा या फक्त एनव्हिडियाच्या कार्डांवरच्या प्रणालीवर चालतं, तेव्हा ते त्याच्या उपयोगाचं आहे का हे त्यालाच पाहू द्या.

आणि तुमच्या मूळच्या दोघांतच निवडायचं असेल तर तुमच्या घरासाठी मी १२ जीबीचं ३०६० निवडेन. फोर-के इफेक्ट, पीसीआय एक्सप्रेस ३.० चा बोर्ड आणि भावाचं काम, या तिन्हींत मावणं हे वेगापेक्षा महत्त्वाचं ठरतं. ४०६० च्या बाजूने दोन गोष्टी नेहमी सांगितल्या जातात. त्यातली फ्रेम जनरेशन फक्त गेमसाठी आहे, एडिटिंगला तिचा काडीचा उपयोग नाही. दुसरी एव्ही१ एन्कोडर, म्हणजे एव्ही१ या नव्या पद्धतीत व्हिडिओ दाबून साठवायची सोय. यूट्यूबवर व्हिडिओ चढवणाऱ्यांना तो कामाचा आहे. पण तुमचं गिऱ्हाईक पेनड्राइव्ह घेऊन घरच्या टीव्हीला लावणार, आणि जुन्या टीव्हीवर एव्ही१ चालत नाही. तुम्हाला जुन्या, सगळीकडे चालणाऱ्या एच.२६४ मध्येच द्यावं लागणार, आणि ते दोन्ही कार्डं चांगलं करतात.

विजेचा हिशेब तुम्ही विचारलाय. दोघांत ५५ वॅटचा फरक. रोज सहा तास पूर्ण भाराने चाललं, जे होणार नाही, तरी दिवसाला ०.३३ युनिट आणि वर्षाला सुमारे १२० युनिट. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाचे १२०० रुपये. एवढ्यावरून निवड फिरवायची गरज नाही.

पॉवर सप्लायकडे मात्र लक्ष द्या. दोन्ही कार्डांसाठी एनव्हिडिया ५५० वॅट सुचवते आणि तुमची पॉवर सप्लाय ४५० ची, तीही पाच वर्षांहून जुनी. १६५० ची बरीच मॉडेल स्लॉटमधूनच वीज घेतात, त्यामुळे कार्डासाठीची वेगळी केबल तुम्हाला आजवर कदाचित लागलीच नसेल. कॅबिनेट उघडून सहा अधिक दोन पिनांची, पीसीआय-ई लिहिलेली केबल आहे का ते पाहा. नसेल तर साध्या मोलेक्स तारेला ॲडॉप्टर जोडून काम भागवू नका. तारा तापतात, कधी वितळतात. चांगली पॉवर सप्लाय बजेटमध्ये धरूनच कार्ड ठरवा. कॅबिनेटमध्ये कार्डाला किती लांबीची जागा आहे तेही फूटपट्टीने मोजा. तीन पंख्यांची मॉडेल लहान कॅबिनेटमध्ये बसत नाहीत.

खरेदीच्या वेळची एक मोठी खाच तुमच्यासाठी आणि इतर वाचकांसाठीही सांगते. "आरटीएक्स ३०६०" याच नावाने ८ जीबीचं कार्डही निघालं आहे. त्यात मेमरी तर कमी आहेच, बससुद्धा १२८ बिटची आहे आणि बँडविड्थ २४० जीबीवर येते. ज्या दोन गोष्टींसाठी ३०६० घ्यायचं त्या दोन्ही त्यात नाहीत. खोक्यावर १२ जीबी लिहिलेलं स्वतः वाचा. लॅपटॉप घेणाऱ्यांनी तर नावावर अजिबात जाऊ नये. लॅपटॉपमधल्या ३०६० मध्ये ३८४० कोअर असतात, डेस्कटॉपपेक्षा जास्त, पण मेमरी ६ जीबी आणि वीज कमी, म्हणून ते मागे पडतं. लॅपटॉपमधल्या ४०६० ला कंपनीनुसार ३५ पासून ११५ वॅटपर्यंत वीज दिलेली असते. एकाच नावाच्या दोन लॅपटॉपांत त्यामुळे खूप अंतर पडतं. तो वॅटचा आकडा दुकानात विचारून घ्या.

सेकंडहँड ३०६० स्वस्तात मिळतंय असं तुम्ही शेवटी लिहिलंय. घ्यायला हरकत नाही, पण डोळे उघडे ठेवून. ही कार्डं २०२१ मध्ये आली तेव्हा इथेरियमच्या मायनिंगचा जोर होता. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने ती पद्धतच सोडली आणि मायनिंगवाल्यांची कार्डं बाजारात आली. मायनिंगला वापरलेलं कार्ड खराबच असतं असं नाही. त्रास बहुधा पंखे आणि वाळलेल्या थर्मल पेस्टचा होतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या की ओळखीतून घ्या, कार्ड चालू मशीनमध्ये बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून मेमरी १२ जीबी आणि बस १९२ बिट आहे हे बघा, अर्धा तास पूर्ण भार देऊन तापमान आणि पंख्याचा आवाज तपासा, आणि मूळ जीएसटी बिलावरचा सीरियल नंबर कार्डावरच्या नंबराशी जुळवा. बिल नसेल तर वॉरंटी धरू नका आणि किंमत त्या मानाने पाडून मागा. एरवी विकणारा "वॉरंटी आहे की" म्हणतो आणि कागद मागितला की विषय बदलतो.

आता भाऊ. त्याचं म्हणणं हट्टाचं नाही, आणि तुमचंही नाही. एआय मॉडेलचा आकार त्यातल्या पॅरामीटरवरून, म्हणजे आत साठवलेल्या आकड्यांवरून मोजतात. सात-आठ अब्ज पॅरामीटरची मॉडेल ४-बिटमध्ये (प्रत्येक आकड्याला ४ बिट देऊन) आवळली तर ८ जीबीत बसतात. तेरा-चौदा अब्जांची मॉडेल त्याच रीतीने आवळूनही ८ जीबीच्या आसपास जागा घेतात, वर संवादाचा डेटा असतोच, म्हणून ती १२ जीबीत बरी बसतात. त्याला नेमकं कोणतं मॉडेल चालवायचंय आणि कशासाठी, हे त्याच्याकडून कागदावर घ्या. कॉलेजच्या कामापुरतं गुगलच्या कोलॅब या ऑनलाइन सेवेवर फुकट मिळणारं टी४ कार्ड बऱ्याचदा पुरतं आणि त्यात १६ जीबी मेमरी असते. तेवढ्यात भागत असेल तर तुमच्या कमाईच्या मशीनवर त्याचं काम लादायची गरज उरत नाही. भागत नसेल तर पैशात त्याचा वाटा किती आणि एक्स्पोर्ट चालू असताना मशीन कुणाचं, हे आत्ताच बोलून घ्या. कार्ड आल्यावर हंगामाच्या मध्यावर हा वाद काढाल तर दोघांनाही जड जाईल. वर सांगितलेली तपासणी त्यालाच करायला लावा. त्याला हे जमतं, आणि आलेख दोघांनी मिळून पाहिले की "माझं कार्ड, तुझं कार्ड" हा सूर आपोआप खाली येईल.

तपासणीत क्लिपचा प्रकार कोणता निघाला आणि क्लिप चालवताना प्रोसेसर, व्हिडिओ डिकोड आणि डेडिकेटेड मेमरीचे आकडे किती दिसले, एवढं मला कळवा. मदरबोर्डचं मॉडेलही लिहा. म्हणजे ५०६० किंवा बी५८० त्यावर नीट चालेल का, ते बघून सांगते. तोवर दुकानदाराला ॲडव्हान्स देऊ नका.